खारीचा ब्रश

दुकानात काय बोलायचं ते भगवंतरावांनी आधीच मनात जुळवून ठेवलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत येताना ते वाक्य त्यांनी घोळवलंही होतं. पण काउंटरमागच्या माणसानं मोबाईलमधून मान वर काढून "बोला काका" म्हटलं आणि त्यांच्या तोंडून नेहमीसारखं पुस्तकातलं मराठी बाहेर पडलं.

"मला एक बारीक कुंचला हवा होता."

माणूस आत गेला. डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात भिंतीला चुना मारायचा कुंचा होता, चांगला वीतभर रुंद.

"याच्याहून बारीक नाई भेटत. भिताड केवढं हाय?"

"भिंत नाही. चित्र आहे."

"मंग चित्र केवढं हाय?"

भगवंतरावांनी डावा तळहात पुढे केला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर एक चौकोन काढून दाखवला. चौकोनाच्या चारी बाजूंनी तळहात उरला होता.

माणूस हसला, पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. "अरे, मंग बुरुश म्हना ना गुरुजी! कुंचला म्हटल्यावर मी सीधी दिवाळीच काढली."

भगवंतराव गुरुजी कधीच नव्हते. मूर्तिजापूरच्या सार्वजनिक वाचनालयात त्यांनी जन्मभर पुस्तकं दिली-घेतली. पण चष्मा आणि खांद्याला कापडी पिशवी असली की वऱ्हाडात माणूस गुरुजीच होतो, आणि ते दुरुस्त करण्याइतका धीर त्यांना कधी झाला नव्हता. ते नुसतं ओशाळं हसले.

माणसाचं नाव नियाज. गल्लीत सगळीकडे फ्लेक्सच्या पाट्या. हातानं रंगवलेली पाटी एकट्या त्याच्या दुकानाची, कारण ती त्यानं स्वतः रंगवली होती. "अर्ध्या अकोल्याच्या पाट्या माह्या हातच्या होत्या," तो ब्रशांचा खोका काढता काढता म्हणाला. "फ्लेक्स आला अन् आमी पेन्सिली इकाले बसलो. बरं, हे पाहा. हा झिरो. हा डबल झिरो. हा तीन झिरो."

शून्य जितके जास्त तितका ब्रश बारीक. भगवंतरावांना हे ऐकून उगाच बरं वाटलं. नियाजनं एक ब्रश चहाच्या ग्लासातल्या पाण्यात बुडवला, झटकला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. केसांना सुईसारखं टोक आलं होतं.

"असं टोक याले पाह्यजे. नाई आलं तं घेऊ नका, दुकानदार कितीबी गोड बोलो. अन् काम करताना ओठानं टोक काढायचं, असं." त्यानं ब्रश ओठांतून फिरवून दाखवला आणि तोच खोक्यात परत ठेवला. भगवंतरावांनी शेजारचा घेतला.

मग रंग. वड्यांची पेटी, बाटल्यांतले पोस्टर रंग, शिशाच्या नळ्यांतले पाण्याचे रंग. एवढ्यातून निवडायचं म्हटल्यावर त्यांना घाम फुटला.

"नवीनच शिकून राहिलं का कोनी? मंग पोस्टर न्या. पोस्टर झाकते. पान्याच्या रंगात चुकलं का जन्मभर दिसते. कोनासाठी, नातीसाठी?"

"हो," भगवंतराव म्हणाले. नात नव्हतीच. अमरावतीच्या त्यांच्या मुलीला, आकांक्षाला, मूलबाळ नव्हतं. पण सत्तरीकडे झुकलेल्या माणसानं 'मीच शिकतोय' कसं म्हणायचं? आणि चुका झाकणारा रंग मिळतोय म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही ऐकलंच नाही. पुडी पिशवीत टाकून ते झपझप निघाले. गल्लीच्या पलीकडे दवाखाना होता आणि तिथे यंत्राला जोडलेली त्यांची बायको उठायची वेळ होत आली होती.

*

कौशल्याबाईंच्या किडन्या कामातून गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले बीपीमुळे. गाव म्हणालं पाण्यामुळे. बाई म्हणाल्या नशीब. कोणामुळे का असेना, आठवड्यातून दोनदा मूर्तिजापूरहून पॅसेंजरनं अकोल्याला यायचं, निम्मा दिवस त्या खुर्चीत पडून रक्त धुवून घ्यायचं आणि पिळून वाळत टाकलेल्या कापडासारखं होऊन घरी परतायचं. रात्री पायात गोळे. दुसरा दिवस झोपेत. जरा माणसात आलं की पुन्हा पॅसेंजर.

पंधरवड्यापूर्वी परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकवून त्या म्हणाल्या होत्या, "मी आता येनार नाई."

उद्या वांगी आणू नका म्हणावं, तसं म्हणाल्या. अशा वेळी माणसं काय काय बोलतात ते त्यांनी आयुष्यभर वाचलं होतं आणि त्यातलं एक वाक्य कामाला येईना. बोरगाव स्टेशन मागे पडलं. मग त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"मला तुझं एक चित्र काढायचं होतं."

वाचनालयात एक जाडजूड पुस्तक होतं, लघुचित्रांचं. ते कधी कोणी घरी नेलं नाही. दुपारच्या सामसुमीत भगवंतराव ते उघडून बसत. तळहाताएवढ्या चौकोनात आख्खी बाग, गच्चीवर उभी बाई, तिच्या पापण्या एकेका केसानं ओढलेल्या. आपणही असं काही करावं असं तेव्हा वाटायचं आणि कोणी पुस्तक बदलायला आलं की ते वाटणं मिटून ठेवावं लागायचं. ते इतक्या वर्षांनी मूर्तिजापूरच्या पॅसेंजरमध्ये का उघडलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

कौशल्याबाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. "आता सुचलं? मी तरनी होती तवा हात मोडले होते?"

"तेव्हा राहून गेलं."

"माहा एकबी फोटो धड नाई म्हना. लग्नातल्या फोटोत डोये मिटेल हायत. आधार कार्डावर तं मी चोट्टीवानी दिसते. पेपरात कोन्ता देसान?"

"असं बोलू नये."

"बोलू नये तं काय करू?" त्या जरा वेळ बाहेर पाहत राहिल्या. "बरं, काढा. चित्र पुरं होईपर्यंत येईन मी. त्याच्यानंतर मले कोनी चाल म्हनायचं नाई. तुमीबी नाई, पोरीनंबी नाई. कबूल?"

भगवंतरावांनी मान हलवली. ती होकारार्थी हलली की गाडीच्या हिसक्यानं, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

*

त्यांचं गाव खारपाण पट्ट्यातलं. जमिनीखाली पाणी भरपूर, पण खारट. गोड्या पाण्याचा नळ कधी यायचा, कधी नाही. म्हणून पिण्यापुरता जार विकत घ्यायचा. हल्ली तर जार कौशल्याबाईंच्याच नावानं यायचा, आणि त्यातलंही त्यांना मोजूनमापून. तहान लागली की त्या पाण्याकडे बघत बसायच्या. भगवंतराव जन्मापासूनच्या सवयीनं बोअरचंच प्यायचे.

अशा गावात एक गोष्ट पोराला चालायच्या आधी कळते: गोडं पाणी तोंडात जातं, दुसरीकडे कुठे नाही. अंघोळ, भांडी, सडा, चुना, सगळं बोअरच्या पाण्यानं. मागे कोणाच्या तरी जावयानं गोड्या पाण्यानं पाय धुतले होते. तो जावई म्हातारा झाला, तरी गावात त्याची ओळख तेवढीच राहिली. तेव्हा भगवंतरावांनी रंगासाठी वाटी भरली ती मोरीतल्या बादलीतून, बोअरच्या पाण्याची. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

संध्याकाळी ओसरीत कौशल्याबाई बाजेवर टेकून बसायच्या आणि हे समोर पाटावर. पेन्सिलीनं चेहरा जमला, म्हणजे बरा जमला. कपाळ, नाकाचा शेंडा, कानातली कुडी. गालाचा रंग रेघेबाहेर गेला, पण पोस्टरनं झाकलं. ब्रशचं टोक काढायला त्यांनी तो ओठांत धरला तशा बाई म्हणाल्या, "रंग खाता काय आता?"

"अशीच पद्धत आहे."

"पद्धत हाय तं खा बापा."

डोळे शेवटी काढायचे, असं त्यांनी ठरवलं होतं.

सकाळी कागद पाहिला तर गालांवर, कपाळावर पांढरं भुरकं साचलेलं. बोटानं पुसलं की जायचं आणि खालचा रंगही घेऊन जायचं. उरायचे फटफटीत डाग.

कौशल्याबाईंनी कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "माय व! पावडर लावून बसवलं मले, नाटकातल्या बाईवानी." आणि कागद परत देऊन कूस बदलली.

*

"पोस्टरची बाटली जुनी असन," नियाज म्हणाला. "माल पडून राहिला का असंच होते. नात काय म्हनते?"

"तिला जमत नाही म्हणते."

"रोज बसवा म्हना. हात बसल्याशिवाय काही नसते." त्यानं या वेळी शिशाच्या नळ्या काढल्या. "आता झाकनं-बिकनं सोडा, चांगले पान्याचे रंग न्या. अन् हा बुरुश. नायलॉन नाई हा. खारीचा हाय."

"खारीचा?"

"खारीच्या शेपटीच्या केसाचा. गिलहरी. आता आतमंधी कोनाचे केस हाय ते अल्लाले मालूम, मी काई खारीले इचाराले गेलो नाई. पन पानी असं धरते, का सोडतच नाई."

भगवंतरावांनी खारीचा ब्रश घेतला. घरी नवा कागद, नवी रेघ, नवे गाल. पुन्हा सकाळी तेच भुरकं, थोडं कमी, पण तेच. त्यांनी कागद वाळवायची जागा बदलली. हात साबणानं धुऊन पाहिले. उन्हाचा दोष असेल म्हणून चित्र कपाटात ठेवलं. कपाटातही ते पांढरं झालं.

दरम्यान पॅसेंजर चालू होती. कौशल्याबाई कबूल केल्याप्रमाणे निमूट येत होत्या. परत येताना बोलणं कमी कमी होत चाललं होतं. घरी आल्यावर विचारायच्या, "किती राह्यलं?" आणि हे म्हणायचे, "गालच नीट होत नाहीत." त्या हं म्हणायच्या. तो हं कसला, ते कळायचं नाही.

आकांक्षा अमरावतीहून आली ती रंगांची महागडी पेटी घेऊनच. कॉलेजात शिकवते, त्यामुळे तिला सगळं सांगितल्याशिवाय कळतं असं तिला वाटतं. आल्या आल्या तिनं आईला अमरावतीला चलायचं काढलं.

"तुह्या तिसऱ्या मजल्यावर मले चढवन कोन?"

"लिफ्ट आहे आई."

"लिफ्ट बंद पडली का तुहा बाप पाठीवर घेईन काय? त्याच्यानं पुस्तकाचा गठ्ठा उचलत नव्हता." आणि विषय मिटला.

मग अंगणात आकांक्षानं बापाला गाठलं. "बाबा, आई म्हणते चित्र झालं की सगळं बंद. हे काय ठरवून बसलात तुम्ही?"

"मी नाही ठरवलं. तिनं ठरवलं."

"मग लांबवा ना चित्र. एवढं कळत नाही?"

भगवंतराव बोअरच्या तोटीकडे बघत म्हणाले, "लांबवायची गरजच पडत नाही गं. मला जमतच नाही."

जाताना बापाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला, तो त्यांना रागावण्यापेक्षा जड वाटला.

महागडे रंगही पांढरे झाले. तेव्हा भगवंतरावांचा निकाल लागला. रंग तीन तऱ्हेचे झाले, ब्रश दोन तऱ्हेचे झाले, कागद बदलला. बदलला नाही तो हात. दोष हातातच. हे मान्य करायला त्यांना फार वेळ लागला नाही. स्वतःबद्दलचं वाईट त्यांना नेहमीच लवकर पटायचं.

*

पुढच्या फेरीला ते नियाजकडे गेले ते काही घ्यायला नव्हे. बायको खुर्चीत झोपली होती आणि दवाखान्यातल्या बाकड्यावर बसवत नव्हतं.

"काय म्हनते नात?"

"नात नाही," भगवंतराव म्हणाले. "मला नात नाहीच. मीच काढतो."

नियाजनं मोबाईल उलटा ठेवला. "तुमी?"

"बायकोचं चित्र आहे. ती तिकडे दवाखान्यात असते, मशीनवर. म्हणून इकडे येतो."

मग त्यानं काउंटरच्या आत स्टूल ओढलं. "या आत. पहिल्यांदाच सांगायचं होतं ना काका. मी उगाच नातीले रोज बसवून राहिलो होतो. बसा. माह्यासमोर काढा, हात कुठी चुकते ते पाहू."

लोकांसमोर चित्र काढायचं म्हणजे भगवंतरावांना भर चौकात सदरा काढण्यासारखं होतं. पण नाही म्हणायचं तर त्याहून जास्त बोलावं लागलं असतं. ते बसले. नियाजनं त्याच्या बाटलीतलं नळाचं पाणी ग्लासात ओतलं. भगवंतरावांनी पिशवीतून खारीचा ब्रश काढला, कागदाच्या कपट्यावर बायकोचा कान घेतला आणि कानात कुडी. कान त्यांना पाठ होता. रंग भिजवला, आजूबाजूला पाहून घेतलं आणि टोक काढायला ब्रश ओठांतून फिरवला.

ओठांना काहीतरी कमी लागलं.

त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. घरी वरणात कौशल्या मीठ विसरली की पहिल्या घासाला वाटायचं तसं. काय नाही ते आधी कळतच नाही, नुसतं कळतं की काहीतरी नाही.

कपटा पंख्याखाली वाळला. कानाच्या पाळीवर रंग जसा लावला तसाच होता, स्वच्छ, ओला असल्यासारखा. कुठेही भुरकं नाही.

"पाह्यलं!" नियाजनं काउंटरवर थाप मारली. "काई नाई झालं तुमच्या हाताले. बुरुशच हाय तसा. खारीचा हाय, मजाक नाई!"

खार होता खरा, पण तो ब्रशात नव्हता. भगवंतरावांनी ब्रश पुसून पिशवीत ठेवला. जन्मल्यापासून जे पाणी जिभेवर होतं त्याची चव त्यांना ते नसताना कळली होती, आणि हे समजावून सांगायचं तर नियाजचा आनंद मोडला असता.

गल्ली संपेपर्यंत ते खूश होते. हात चांगला होता! हात पहिल्यापासून चांगला होता! दवाखान्याच्या फाटकाशी आले आणि पाय थांबले. हात चांगला असेल आणि पाणी गोडं घेतलं, तर चित्र एका संध्याकाळीत पुरं होणार होतं.

*

त्या संध्याकाळी वाटी घेऊन ते जारपाशी उभे राहिले. तोटीवर हात ठेवला. मग वाटी घेऊन मोरीत गेले आणि बादलीत बुडवली.

पुढे तसंच चालू राहिलं. संध्याकाळी रंगवायचं, सकाळी पांढरं झालं की ओल्या फडक्यानं टिपायचं, पुन्हा रंगवायचं. आता ओठात ब्रश धरला की खारट चव हटकून लागायची. एकदा कळलेलं नकळत करता येईना. समोर बाजेवर ती बसलेली असायची, सुईनं काळंनिळं झालेलं मनगट पदराखाली घेऊन, आणि हे तिच्याच गालांवर जाणूनबुजून मीठ फासायचे. माणूस इतका लबाड होऊ शकतो हे त्यांनी वाचलं होतं. तो आपल्यासारखा दिसतो हे वाचलं नव्हतं.

एका फेरीला तिला फारच त्रास झाला. बीपी खाली गेलं, पाय वळले, सिस्टरबाई धावल्या. परतीला रिक्षातून उतरताना भगवंतरावांनी हात धरला तर त्या म्हणाल्या, "धरू नका. दुखते." दुसरा दिवस झोपेत गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाट मांडायचा की नाही या विचारात हे ओसरीत उभे असताना त्यांनीच हाक मारली.

"इकडे या. अन् ती वाटी आना."

वाटी धुवायची राहिली होती. पाणी आटून तिच्या काठाला आतून पांढरी कड धरली होती. कौशल्याबाईंनी नखानं ती खरवडली आणि नख त्यांच्यासमोर धरलं.

"हे काय हाय?"

भगवंतरावांनी वाटी परत घ्यायला हात पुढे केला.

"लग्न करून आली तवापासून घासून राह्यली मी हे. गंज-पातेल्याचं, तांब्याचं, तुमच्या चष्म्याचं. मले वळखू येनार नाई?"

"कधी कळलं तुला?"

"पह्यल्याच दिवशी. चित्र हातात घेतलं तवाच." त्यांनी नख पदराला पुसलं. "तुमाले?"

"मला... महिना झाला असेल. नियाजच्या दुकानात."

"अन् तरी बादलीतलंच घेता."

"हो."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वाटी नुसती बाजेच्या कडेला ठेवून दिली.

"तू का नाही सांगितलंस?" भगवंतरावांनी विचारलं. "पहिल्या दिवशीच सांगायचं होतं. जारातलं घ्या म्हणायचं, झालं असतं चित्र."

"तुमी काहून नाई सांगितलं?"

याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. कौशल्याबाईंनी बाजेवर पाय वर घेतले, त्यांना वेळ लागला.

"पन आता मी थकली हो," त्या म्हणाल्या. "खरंच थकली. तुमाले सांगून समजनार नाई. तहान लागते अन् पेता येत नाई. झोप येते अन् पाय झोपू देत नाईत. तुमी असं चोरून चोरून माहे दिवस वाढवून राहिले, ते पाहून मले तुमचंच वाईट वाटते."

"मग काय करू?"

"उद्या जायचा दिवस हाय ना? सकाळी वाटी मी भरून ठेवन. तुमी मधात पडायचं नाई. गोडं असलं तं बसा अन् डोये काढून मोकळे व्हा, अन् मले मोकळं करा. खारं असलं तं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "चाखून पाहा. आता तं समजते तुमाले."

भगवंतराव "बरं" म्हणाले. दुसरं काही म्हणता आलं असतं का, हा विचार नंतर करायचा असं त्यांनी ठरवलं.

*

सकाळी ते उठले तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत हालचाल होती, पण ती जाण्याच्या तयारीची की नुसतीच, हे बाहेरून कळेना. पाट मांडलेला होता. पाटाशेजारी वाटी, वर बशी झाकलेली. जार आणि बादली जिथल्या तिथे होते. दोन्हींकडे त्यांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यावरून काही कळत असलं तरी ते तसं कळून घ्यायचं नव्हतं.

ते पाटाशी बसले. मांडीवर कागद घेतला. कपाळ, नाक, कुडी, टिपून टिपून पातळ झालेले गाल, आणि वर डोळ्यांच्या दोन रिकाम्या जागा. बशी बाजूला केली. पाणी स्वच्छ दिसत होतं. दोन्ही पाणी स्वच्छच दिसतात.

खारीचा ब्रश त्यांनी वाटीत बुडवला. टोक काढायच्या निमित्तानं तो ओठांपाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. आयुष्यात बऱ्याच पुस्तकांची शेवटची पानं त्यांनी अशीच न वाचता धरून ठेवली होती. मग ओठ मिटले.

खारट होतं.

त्यांनी पुन्हा चाखलं. खारट. वाटी उचलून एक घोटच घेतला, आणि खात्री झाल्यावरही दुसरा घेतला. चष्म्यावर वाफ आली तो त्यांनी सदऱ्याला पुसला. मग डोळ्यांच्या जागा तशाच सोडून गालाचा थोडा रंग त्या पाण्यात कालवला आणि गालावर ठेवला, जो संध्याकाळपर्यंत पांढरा होणार होता.

दार उघडलं. कौशल्याबाई जाण्याचं लुगडं नेसलेल्या होत्या, हातात दवाखान्याची पिशवी. चेहरा काल होता तसाच दमलेला. वाटीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"आटपलं काय तुमचं?" त्या म्हणाल्या. "चाला लवकर. पॅसिंजर काई आपल्या चित्रासाठी थांबत नाई."